टीव्हीवरून कॅप्चर केलेल्या व्हिडिओचा आवाज किती दाबायचा?

आमच्या अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या कपाटातून दिवाळीच्या साफसफाईत ४१ व्हिडिओ कॅसेट निघाल्या. सगळ्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या. दूरदर्शनवरच्या गाण्याच्या मैफिली, क्रिकेट, कुठली कुठली भाषणं, आणि एकीवर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात ‘सिंहस्थ २००३, रामकुंड, पुसू नये’. लोकल केबलवर दाखवत होते तेव्हाचं ते. मी एक स्वस्तातला यूएसबी कॅप्चर डोंगल, म्हणजे व्हीसीआरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी, आणला, व्हीसीआर ओळखीतल्या एकांकडून दोन महिन्यांच्या बोलीवर आणला, डोंगलच्या सीडीतलं सॉफ्टवेअर टाकलं आणि आवाजाच्या रकान्यात जे आधीच निवडलेलं होतं ते तसंच ठेवून दाबलं रेकॉर्ड.

चित्र ठीक आलं. बोलणंही ठीक. पण मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाला आणि आवाज असा यायला लागला की शेजारच्या मोरीत कोणीतरी भांडी विसळतंय. अण्णा म्हणाले, “अगं, हा ताशा आहे का पाऊस?” सेटिंग उघडून बघितलं तर ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, आणि स्टिरिओ. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नंतर महिनाभर चुका करून करून जे कळलं ते इथे लिहून ठेवते, कारण हा प्रश्न घरोघरी आहे, कॅसेटी सगळ्यांकडे आहेत आणि व्हीसीआर दिवसेंदिवस मरतायत.

आधी एक घोळ निस्तरू. आवाजाच्या बाबतीत कॉम्प्रेशन हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे फाइल लहान करणं, एमपीथ्री वगैरे. दुसरं म्हणजे मोठा आवाज दाबून आणि बारीक आवाज उचलून सगळं एका पातळीला आणणं, ज्यामुळे जाहिराती कानावर आदळतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टच्या यादीत ‘कॉम्प्रेसर’ दिसतो तो हा दुसरा. फाइल लहान व्हावी म्हणून मी एकदा तो लावला होता, फाइल तेवढीच राहिली आणि नाट्यगीतातले सगळे चढउतार सपाट झाले, पाटा फिरवल्यासारखे. तर आपण बोलतोय ते पहिल्याबद्दल.

आता हिशोब. आवाज काही न दाबता साठवायचा तर सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप घ्यायचं, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १५,३६,००० बिट, म्हणजे १५३६ केबीपीएस. तासाला साधारण ६९१ एमबी. याला पीसीएम म्हणतात, वेव्ह फाइलमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ६४ केबीपीएस म्हणजे याचा बरोब्बर चोविसावा भाग. २४ पोती गव्हातलं एकच पोतं ठेवायचं आणि तरी घरच्यांना कळता कामा नये, असं काम आपण त्या सॉफ्टवेअरला सांगत होतो.

आणि हे वाचवायचं कशासाठी? शेवटची फाइल मी साधारण ४ एमबीपीएसच्या व्हिडिओची करते, म्हणजे तासाला १.८ जीबी. त्यात आवाज ६४ ठेवला तर २९ एमबी, १९२ ठेवला तर ८६ एमबी. फरक ५७ एमबी, म्हणजे अख्ख्या फाइलच्या ३ टक्के. लग्नात पाच पक्वान्नं करायची आणि मीठ मोजून वाढायचं, त्यातली गत. जागा खातं ते चित्र, आवाज नाही, त्यामुळे काटकसर करायचीच असेल तर चित्रात करा. जुन्या कॅसेटचं चित्र थोडं मऊ असलं तरी डोळा चालवून घेतो, कान बिघडलेला आवाज पाच मिनिटंसुद्धा चालवून घेत नाही.

बरं, मग चोविसातले तेवीस भाग फेकून बोलणं तरी ठीक कसं आलं? इथे आम्हा नाशिककरांना समजावायला फार काही लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी मेन रोडवर उभे राहा, शंभर ढोल समोरून जाताना बाजूचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. त्याचा आवाज हवेत असतोच, कानापर्यंत पोचतोही, पण ढोलाखाली झाकला जातो. एमपीथ्री, एएसी ही सगळी मंडळी, म्हणजे आवाज दाबायच्या पद्धती, ज्यांना कोडेक म्हणतात, हेच करतात, प्रत्येक क्षणी बघतात की कुठला आवाज मोठा आहे, त्याच्या आसपासच्या पट्टीतलं आणि त्याच्या लगेच आधी-नंतरचं काय काय माणसाला ऐकू येणारच नाही, आणि तेवढं एकतर टाकून देतात नाहीतर ओबडधोबड लिहितात. बिटरेट, म्हणजे सेकंदाला दिलेले बिट, भरपूर असेल तर फक्त झाकलेलंच जातं. कमी असेल तर ऐकू येणारंही जायला लागतं, आणि तिथे भांडी विसळायला सुरुवात होते.

ताशाच का बिघडला, ढोल का नाही, हे मला फार दिवस कळत नव्हतं. झालं असं की हे कोडेक आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून काम करतात. एमपीथ्रीचा एक तुकडा ११५२ मोजमापांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २४ मिलिसेकंदांचा. दाबताना जी काही चूक होते ती त्या तुकड्यात सगळीकडे पसरते. ढोलाचा आवाज घुमत राहतो, त्याच्या गुंजेत चूक लपून जाते. ताशाची काडी मात्र तुकड्याच्या मधोमध पडली तर चूक काडी पडायच्या आधीच ऐकू येते, टप्पच्या आधी एक बारीक फस्स. टाळ, चिपळ्या, झांजा, टाळ्यांचा कडकडाट, सगळ्यांचं हेच. चांगला एन्कोडर, म्हणजे दाबायचं काम करणारं सॉफ्टवेअर, अशा जागी तुकडे आणखी बारीक करतो, पण त्याला जास्त बिट लागतात आणि आपण ६४ वर गळा दाबून धरलाय. म्हणून सेटिंग तपासायचं तर निवेदकाच्या बोलण्यावर तपासू नका, तो २० मध्येही बरा वाटेल. टाळ्या वाजतात ती जागा शोधा आणि हेडफोन लावून ऐका.

आता कॅसेटवर मुळात आहे काय हे बघू, कारण माझा मित्र पहिल्याच दिवशी म्हणाला, “भो, कॅसेटवर आवाजच रद्दी असतो, तू कशाला १९२ अन् काय काय करती? ६४ मोनो मार अन् सोड.” अर्धं बरोबर आहे त्याचं. साध्या व्हीएचएसमध्ये आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीवर लिहिलेला असतो आणि टेप सरकते सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर. एवढ्या हळू सरकणाऱ्या टेपवर १० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही राहत नाही, आणि एलपीवर, म्हणजे एका कॅसेटवर दुप्पट वेळ मावणाऱ्या मोडवर, रेकॉर्ड केलं असेल तर वेग निम्मा, म्हणजे आणखी कमी. शिवाय ही पट्टी बहुतेक घरगुती मशीनमध्ये मोनो, म्हणजे एकच चॅनल. हायफाय व्हीसीआर असेल तर गोष्ट वेगळी, तो फिरत्या हेडने आवाज लिहितो आणि तो खरंच उत्तम असतो, पण आपल्याकडे किती घरांत होता? मूळ प्रसारणही अॅनालॉग जमान्यात साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच. १५ किलोहर्ट्झ म्हणजे किती बारीक, तर जुना डबा टीव्ही चालू केला की एक सुईसारखी शिट्टी यायची आठवतं? ती १५,६२५ हर्ट्झची, ६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चित्रं. लहानपणी मला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची, अण्णांना कधीच नाही.

म्हणजे वरचं काही नाही, मग बिट कमी लागायला हवेत. पण मित्राचं उरलेलं अर्धं चुकतं ते इथे. कॅसेटवर खरखर असते, सळसळ. आणि कोडेकला सगळ्यात जड जाते ती खरखरच. बासरीचा सूर पुढच्या क्षणी काय असेल याचा अंदाज बांधता येतो, थोडक्यात लिहिता येतो, खरखरीला काही आकारच नाही, ती दर क्षणी नवी. त्यामुळे जुनी घाण कॅसेट स्वच्छ सीडीपेक्षा जास्त बिट मागू शकते, आणि दिले नाहीत तर साधी सळसळ किणकिणायला लागते, किडे शिरल्यासारखी. ती साध्या खरखरीपेक्षा वाईट. खरखर थोडी कमी करून मग दाबलं तर निकाल सुधारतो, पण थोडीच, आणि मूळ फाइलवर नाही, तिच्या कॉपीवर. सगळी काढायला गेलात तर गाणाऱ्याचा श्वासही जातो.

सॅम्पल रेटचा रकाना असतो, त्यात ११,०२५ पासून ४८,००० पर्यंत काय काय असतं. ४८,००० घ्या आणि विषय संपवा. ४४,१०० हा सीडीचा आकडा, व्हिडिओच्या जगात ४८,००० चालतो. कानाच्या दृष्टीने दोन्हीत काही फरक नाही, भानगड होते ती कॅप्चर एका आकड्यावर आणि प्रोजेक्ट दुसऱ्यावर असला की. माझी एक मैफल सॉफ्टवेअरने ४४,१०० ची असताना ४८,००० ची समजून वाजवली, गायक जवळपास दीड अर्धस्वर (सेमीटोन) वर आणि ९ टक्के घाईत, अण्णा म्हणे याला गाडी पकडायची दिसते. बिट १६ पुरे. १६ बिटला ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि कॅसेटच्या साध्या पट्टीचा पल्ला त्याच्या निम्म्याच्या आसपास. २४ बिट घेऊन खरखर जास्त अचूक मोजली जाईल एवढंच.

मोनो का स्टिरिओ यात मात्र थांबून बघा. पिवळी-पांढरी-लाल वायर असते ना, पिवळी चित्राची, पांढरी डावा आवाज, लाल उजवा. जुन्या मोनो व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक. तिथे पांढरी लावली की डोंगलला फक्त डावीकडे आवाज मिळतो, उजवीकडे शांतता आणि वर डोंगलची स्वतःची गुणगुण. हेडफोन लावणाऱ्याला वाटतं एका कानाने बहिरा झालो. यावर लोक सरळ ‘मोनो करा’ दाबतात, त्याने डाव्या-उजव्याची सरासरी निघते आणि आवाज निम्मा होतो, ६ डेसिबल खाली. त्याऐवजी डावा चॅनल उचलून तोच मोनो म्हणून ठेवायचा, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक वेगळे करून उजवा उडवला की झालं. मोनो सोर्सला मोनोच ठेवला की ९६ केबीपीएसमध्ये तेच मिळतं ज्याला स्टिरिओत जवळपास दुप्पट लागलं असतं. माझी पहिली फाइल ६४ स्टिरिओ होती, म्हणजे त्यातलेही काही बिट उजवीकडची गुणगुण जपून ठेवण्यात गेले!

या सगळ्याच्या आधी लेव्हल. हे खरं तर पहिलं लिहायला हवं होतं. एका कॅसेटच्या वेळी डोंगलचा आवाज येईना म्हणून मी व्हीसीआरची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. माइकचं भोक मिलिव्होल्टची अपेक्षा करतं, व्हीसीआर त्याच्या कितीतरी पट देतो. निकाल, सगळ्या मोठ्या आवाजांचे शेंडे छाटलेले, स्क्रीनवर लाटा दिसायच्या ऐवजी विटांची भिंत. असा छाटलेला आवाज ३२० केबीपीएसमध्ये ठेवला तरी छाटलेलाच राहणार, जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार. मीटरमध्ये सगळ्यात मोठा आवाज उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहू दे, नंतर वाढवता येतो. आणि विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये एन्हान्समेंट किंवा नॉइज सप्रेशन चालू असेल तर बंद करा, त्याला माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं कचरा वाटतं. तंबोरा त्याने पुसून टाकला होता माझा. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर ती आपल्या विजेची, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, माझ्याकडे तेवढ्यानेच गेली.

मग फॉरमॅट. कॅप्चर करताना आवाज दाबूच नका, पीसीएम घ्या. तीन तासांची पूर्ण कॅसेट म्हणजे आवाजाचे २ जीबी, त्याच वेळी व्हिडिओ लॉसलेस, म्हणजे काही न गमावता, घेत असाल तर तो तासाला ३० जीबीच्या घरात जातो, तिथे २ जीबीचं काय घेऊन बसलात. दाबायचं ते एकदाच, सगळं कापून जोडून झाल्यावर, शेवटी. दाबलेलं उघडून परत दाबणं म्हणजे तळणीचं तेल परत परत तापवणं, पहिल्या घाण्याला कळत नाही, तिसऱ्या घाण्याला घरभर वास. मूळ आवाज जपून ठेवायचा आणि जागाही हवी तर फ्लॅक आहे, तो झिपसारखा, उघडला की बिट न बिट मूळचा, आणि साधारण निम्म्या जागेत बसतो. कॅसेटची खरखर असेल तर निम्म्याहून थोडी जास्त.

शेवटच्या फाइलला मी एमपी४ मध्ये एएसी वापरते. मोनोला ९६, स्टिरिओ हायफाय असेल तर १६० ते १९२. एएसी १९९७ पासून आहे, मोबाइल, टीव्हीच्या मागे लावलेला पेनड्राइव्ह, सगळीकडे वाजतो. एमपीथ्रीही वाईट नाही, फक्त तेवढ्याच दर्जाला थोडा जास्त बिटरेट द्या. यादीत एचई-एएसी दिसेल तो घेऊ नका, तो वरच्या पट्टीतला आवाज टाकून देतो आणि वाजवताना खालच्यावरून अंदाजाने परत रचतो, कमी नेटवर्कवर रेडिओ ऐकायला छान, घरच्या ठेव्याला नको. ओपस कमी बिटरेटला या सगळ्यांहून सरस आहे, २०१२ पासून आहे, पण आमच्या हॉलमधला टीव्ही त्याला ओळखतच नाही आणि अण्णा बघणार ते हॉलमधल्याच टीव्हीवर. डीव्हीडी करून द्यायची असेल तर डीव्हीडीवर चालणारा एसी३ कोडेक, १९२ किंवा वर. आणि जुन्या सॉफ्टवेअरमुळे एव्हीआय फाइल करत असाल तर एमपीथ्री सीबीआरच ठेवा, म्हणजे ठरलेला बिटरेट. व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त होणारा, तसा जास्त शहाणा, पण एव्हीआयची रचनाच त्याच्यासाठी नाही आणि ओठ एकीकडे बोल दुसरीकडे अशी गत होऊ शकते.

ओठांवरून आठवलं, आवाज मागेपुढे जायचं दुसरं कारण बिटरेटशी संबंधित नाहीच. खराब टेपवर डोंगल चित्राच्या फ्रेम गाळतो आणि आवाज मात्र वाहत राहतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ गळल्या की एक सेकंदाचा फरक. तासाच्या शेवटी तपासा, सुरुवातीला कधीच कळत नाही. आम्ही आता अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे घेतो.

हे झालं कॅसेटचं. नाशिक केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत ३१ मार्च २०१३. त्यानंतर घरात सेटटॉप बॉक्स आला आणि काही जणांकडे पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड केलेलं असतं. बऱ्याच बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला कुलूपबंद असतं, ते बाहेर वाजत नाही. पण फ्री टू एअर, म्हणजे फुकट चॅनलच्या, बॉक्सवरची टीएस फाइल असेल तर त्यात आवाज प्रसारणाच्या वेळीच दाबलेला आहे, बऱ्याचदा एमपीटू या जुन्या कोडेकमध्ये. तो परत दाबायचा नाही, कितीही मोठा आकडा टाकला तरी सुधारणार नाही, बिघडू मात्र शकतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ कॉपी’ किंवा ‘पासथ्रू’ असतं ते निवडायचं, एफएफएमपेग वापरणाऱ्यांना माहीतच असेल.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो परत दाबला जातो, चित्रासकट. डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जातं, जसंच्या तसं. यूट्यूब तर स्वतःच्या पद्धतीने दाबतंच, म्हणून त्याला मोठा आकडा द्यायचा, स्टिरिओला ३८४ आणि मोनोला १२८ असं तेच सुचवतात.

सगळं झाल्यावर मी अण्णांची परीक्षा घेतली. सिंहस्थाच्या कॅसेटचा तोच ताशाचा अर्धा मिनिट, चार फाइली, नावं नुसती क, ख, ग, घ. एक न दाबलेली, बाकी मोनोत ९६, ६४ आणि ३२. बहात्तराव्या वर्षी काय ऐकू येणार असं मला वाटत होतं. ३२ त्यांनी पहिल्या दोन सेकंदांत हाकलली. ६४ वर दोनदा ऐकून म्हणाले, “याच्यात ताशेवाल्याचा हात जड झालाय.” ९६ आणि न दाबलेली यात मात्र चारदा ऐकून चारदा वेगळं सांगितलं आणि शेवटी हेडफोन काढून म्हणाले, “दोन्ही एकच आहेत, तू मला फसवतीयेस.” मी ९६ वर शिक्का मारला. व्हीसीआर परत द्यायला तीन आठवडे उरलेत, २६ कॅसेट बाकी आहेत आणि त्यातल्या दोनला बुरशी लागलीये.